सशाला पाला घालताना



आज आपण सशाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, गायीम्हशींचे सांगा, शेळ्याकोंबड्यांचे सांगा. सशाचे काय घेऊन बसलात?" पण आता खेड्यातही बऱ्याच घरी ससा दिसतो. बाप आठवड्याच्या बाजारातून सशाची जोडी आणतो. पांढरे मऊ अंग, लांब कान, लुकलुकणारे डोळे. मुले हरखून जातात. जो तो त्याच्या तोंडापुढे काहीतरी धरतो. आणि पंधरा दिवस, महिना झाला की एक दिवस ससा खुराड्यात ताठ होऊन पडलेला सापडतो. मुले रडतात. मोठी माणसे म्हणतात, "नाजूक जात ती. आपल्याकडे टिकायची नाही."

हे बोलणे खरे नाही. पाळीव ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. तो मरतो त्याचे एक मोठे कारण चुकीचे खाणे हे आहे. ससा घरात उपाशी कोण ठेवतो? कोणी नाही. पण लाडाने भलते खायला घालणारे घरोघर असतात. म्हणून आजचा विषय एवढाच, की सशाला हिरवा पाला आणि भाजी कोणती द्यावी, किती द्यावी आणि कशी द्यावी.

आधी एक गोष्ट सांगतो. घरी पाळतात तो ससा वेगळा आणि शेताच्या बांधावरून उडी मारून पळतो तो रानससा वेगळा. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन आणि पोर्तुगाल या देशांकडचे. ते जमिनीत बिळे करून राहत. आपला रानससा बीळ करीत नाही. तो गवतात दबा धरून बसतो. त्याला पकडून आणू नये. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. शिवाय रानातला जीव पिंजऱ्यात घाबरून मरतो. भित्र्या माणसाला आपण सशाच्या काळजाचा म्हणतो, ते उगीच नाही.

सशाचे पोट

आता सशाचे पोट कसे चालते ते समजून घ्या. ते समजले की पुढचे सारे आपोआप समजेल.

गाय रवंथ करते. ससा रवंथ करीत नाही. त्याच्या पोटात आतड्याला जोडलेली एक मोठी पिशवी असते. त्या पिशवीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू राहतात. ते वाईट जंतू नव्हेत. ते गवत कुजवून त्याचे सत्त्व काढतात. घरात दुधाला विरजण लावता ना? तसे हे सशाच्या पोटातले विरजण आहे, असे समजा. विरजण चांगले तर दही चांगले. विरजण बिघडले की सगळे भांडे नासते. सशाला एकाएकी नवे, गोड किंवा पिठूळ खायला घातले की हे विरजण बिघडते. पोटात वायू धरतो. पोट नगाऱ्यासारखे फुगते.

माणसाला भलते खाल्ले तर ओकारी होते. कुत्र्यामांजरालाही होते. सशाला ओकता येत नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. जे एकदा आत गेले ते खालच्या वाटेनेच बाहेर पडले पाहिजे. म्हणून सशाच्या तोंडात काय जाते, याची काळजी आपणच घ्यावी लागते.

आणखी एक. पुष्कळांना वाटते, ससा आपलीच लेंडी खातो, ही त्याची घाणेरडी खोड आहे. तसे नाही. सशाच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक गोल, कोरडी, वाटाण्याएवढी. ती तो टाकून देतो. दुसरी मऊ, ओलसर, द्राक्षाच्या घोसासारखी चिकटलेली. ती तो रात्री किंवा पहाटे थेट तोंडाने घेऊन गिळतो. पोटातल्या विरजणाने काढलेले सत्त्व तिच्यात असते. ही त्याची निसर्गाने दिलेली रीत आहे. त्यासाठी त्याला मारू नका, हुसकू नका.

आधी वाळले गवत

आपल्या जेवणात भाकरी मुख्य. भाजी ही तोंडी लावायला. सशाच्या जेवणात वाळले गवत ही भाकरी आणि हिरवा पाला ही भाजी. नुसत्या भाजीवर आपले पोट भरत नाही. सशाचेही तसेच आहे. नुसता ओला पाला खाऊन त्याला हगवण लागते.

ससा जेवढा, तेवढा गवताचा भारा त्याला रोज लागतो. गवत दिवसरात्र पुढे असावे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून ते झिजतात. गवत मिळाले नाही तर दात वाढून तोंडात टोचतात आणि ससा खाणे सोडतो.

मारवेल, पवना, हरळी यांचे वाळवलेले गवत चांगले. कुसळी गवत देऊ नये. त्याची कुसळे तोंडात आणि डोळ्यांत रुततात. भाताचा पेंढा खाली अंथरायला बरा, पण त्यात सत्त्व थोडे. गवताला बुरशी आली असेल, कुबट वास येत असेल, तर ते सशाला देऊ नका. बुरशीचे विष सशाला लवकर बाधते.

पाणीही नेहमी पुढे हवे. "पाला खातो, त्याला पाणी कशाला?" असे म्हणणारे लोक आहेत. त्यांचे ऐकू नका. मातीचे जड, पसरट भांडे ठेवा, म्हणजे ससा ते उलथून टाकणार नाही.

कोणता पाला चालतो?

कोथिंबीर, मेथी, पुदिना, शेपू, तुळस, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, जास्वंदीची पाने आणि फुले. आपल्या परसात आणि भाजीच्या वाफ्यात मिळणारी ही पाने सशाला चालतात. ताजी हिरवी हरळी तर उत्तमच. एका वेळी दोन-तीन तऱ्हेची पाने मिसळून द्यावी. रोज एकच एक पाला देऊ नये.

किती द्यावा? दोन किलो वजनाच्या पुऱ्या वाढलेल्या सशाला दिवसभरात चिरलेल्या पाल्याच्या दोन वाट्या पुरे होतात. त्या एकदम घालू नका. एक वाटी सकाळी, एक वाटी संध्याकाळी. लहान सशाला त्या मानाने कमी.

काही पाला चालतो, पण बेताने. पालक, माठ, राजगिरा, चुका, बिटाची पाने यांत एक आंबट क्षार पुष्कळ असतो. ही पाने आठवड्यातून एखाद्या वेळी, चार-पाच पाने, यापेक्षा जास्त नकोत. कोबी आणि फुलकोबी यांनी काही सशांच्या पोटात वायू धरतो. लहानसा तुकडा देऊन बघावा. सोसला तर ठीक, नाही तर बंद. शेवग्याचा पाला आणि लसूणघास पौष्टिक आहेत, पण त्यांत चुना फार. पिल्ले असलेल्या मादीला ते चांगले. बसून खाणाऱ्या मोठ्या सशाला थोडेच द्या. नाही तर त्याच्या लघवीत खडे होतात.

आता गाजर. चित्रातला ससा नेहमी गाजर खाताना दिसतो. त्यामुळे मुलांना वाटते, ससा म्हणजे गाजर. पण गाजरात साखर असते. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, तोही आठवड्यातून एक-दोनदा, एवढे पुरे. केळे, सफरचंद, पपई यांचेही तसेच. गाजराचा वरचा पाला मात्र रोज दिला तरी चालतो. गाजर तुम्ही खा, पाला सशाला द्या.

कोणता मुळीच नको?

कांदा, कांद्याची पात आणि लसूण मुळीच देऊ नये. त्यांनी सशाचे रक्त बिघडते. बटाट्याचा पाला, टोमॅटोचा पाला, वांग्याचा पाला, हिरवा पडलेला बटाटा, ही सारी विषारी. अळूची पाने आपल्या घशाला खाजवतात, मग सशाच्या कोवळ्या तोंडाचे काय होईल? कण्हेर, धोतरा, रुई, एरंड, घाणेरी ही नावे तर तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यांचे एक पानही पिंजऱ्याजवळ पडू देऊ नका. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. सशालाही ती देऊ नये.

नावावर जाऊ नका. लसूणघास या नावात लसूण आहे, पण तो लसूण नव्हे. तो गुरांचा चारा आहे. उलट गाजर गवत या नावात गाजर आहे आणि त्याचे पान गाजराच्या पानासारखे दिसते, पण ते विषारी तण आहे. हे तण परदेशातून आले आणि १९५० नंतरच्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले. आज ते बांधावर, रस्त्याकडेला, गावठाणात सगळीकडे माजले आहे. मुलाला "जा रे, गाजराचा पाला आण" म्हटले आणि त्याने गाजर गवत उपटून आणले, असे सहज होऊ शकते. त्याला हात लावला तरी पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. तेव्हा मुलांना दोन्ही पाने शेजारी ठेवून दाखवा. गाजराचे पान चुरगाळले की गाजराचा वास येतो, हेही शिकवा.

"शेळी खाते, मग ससा का नाही?" असाही प्रश्न येतो. शेळीच्या पोटाचे चार कप्पे. ससा तसा नव्हे. सुबाभळीचा पाला शेळी थोडाफार पचवते. सशाला तो रोज घातला तर त्याचे केस गळतात. चीक येणारे पान ओळखीचे नसेल तर देऊ नये. चिकाची सारी झाडे विषारी नसतात, पण पारख नसताना परीक्षा सशावर कशाला? ज्याचे नाव आपल्याला सांगता येत नाही, ते पान सशाला नाही, हा नियम सोपा आहे.

भाकरी, पोळी, भात, बिस्किटे, शेव, गूळ, दूध, डाळ यांपैकी काही देऊ नये. ससा ते आवडीने खाईल. आवडते म्हणून सोसते असे नाही. लहान मुलालाही गूळ आवडतो, म्हणून आपण त्याला ढेप पुढे ठेवतो का?

निवडा, धुवा, मग घाला

पाला आधी निवडावा. पिवळी, सडकी, बुळबुळीत पाने काढून टाकावी. ती "सशाला चालतील" म्हणून बाजूला ठेवू नका. जे आपण आपल्या ताटात घेणार नाही, ते सशालाही नको.

मग पाला दोन-तीन पाण्यांतून धुवावा आणि झटकून घ्यावा. रस्त्याकडेचे गवत आणू नये. त्यावर गाड्यांचा धूर बसतो, कुत्री मुततात. कापलेल्या हिरव्या गवताचा ढीग घालून ठेवू नका. ढीग आतून तापतो. हात घालून बघा, गरम लागेल. असा तापलेला चारा सशाचे पोट फुगवतो. लागेल तेवढाच पाला रोज आणावा.

आता फवारणीचे. भाजीवर कीड पडली की आपण औषध मारतो. औषध म्हणतो, पण ते विष आहे. काही विषे पानाच्या आत भिनतात. कितीही धुतले तरी ती जात नाहीत. मग काय करावे? तुम्ही आता वाचायला शिकला आहात. औषधाच्या डब्यावर काय लिहिले आहे, ते वाचा. फवारणी केल्यावर किती दिवसांनी भाजी काढावी, हे डब्यावर किंवा डब्याबरोबरच्या कागदावर छापलेले असते. तेवढे दिवस ती भाजी घरच्यांनाही नाही आणि सशालाही नाही. डब्यावर कोपऱ्यावर उभा असलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या भागाचा रंग पहा. तांबडा रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याच्या खाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ घेऊ नका. विष कमी, एवढाच त्याचा अर्थ.

पावसाळ्याची काळजी

उन्हाळाभर ससा वाळले गवत खातो. मृगाचा पाऊस पडतो आणि आठ-पंधरा दिवसांत रान हिरवेगार होते. आपल्याला वाटते, आता सशाला मेजवानी. पण पहिल्या पावसाचे कोवळे गवत म्हणजे निम्मेअधिक पाणीच. गुरांनाही ते एकदम चारले तर ती पातळ शेण टाकतात. ससा तर त्याहून नाजूक.

हगवणीने सशाचा मागचा भाग घाण होतो. त्यावर माश्या बसून अंडी घालतात. एक-दोन दिवसांत अळ्या पडतात आणि ससा जिवंतपणी पोखरला जातो. म्हणून पावसाळ्यात रोज सशाला उचलून मागून बघावे. कोवळे गवत पहिले काही दिवस मूठभरच द्यावे, आणि आधी वाळले गवत खाऊ घालून मग द्यावे. पिंजरा कोरडा ठेवावा.

नवा पाला कसा सुरू करावा?

बाजारातून ससा आणताना विकणाऱ्याला विचारा, "याला आजवर काय घालत होता?" पहिले आठ दिवस तेच घाला, आणि त्याबरोबर वाळले गवत. दीड-दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू घेऊच नये. तीन महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला वाळले गवत हेच मुख्य. भाजीपाला त्यानंतर, हळूहळू.

एका वेळी एकच नवे पान. पहिल्या दिवशी दोन बोटांएवढा तुकडा. दुसऱ्या दिवशी लेंड्या बघा. लेंड्या गोल आणि कोरड्या असतील तर थोडा आणखी द्या. असे पाच-सहा दिवस चालवा. मग दुसरे पान सुरू करा. लेंड्या मऊ झाल्या, तर ते पान बंद. दोन दिवस नुसते गवत आणि पाणी.

एका घरची हकीकत सांगतो. सणाचा दिवस होता. घर पाहुण्यांनी भरले होते. आजीने सशाला पुरणपोळीची कड दिली. सुनेने कोबी चिरला, त्याची पाने घातली. मुलीने गाजर दिले. पाहुण्यांच्या मुलाने केळे दिले. जो तो म्हणाला, "मी एवढुसेच दिले." संध्याकाळी ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला. त्याने गवताला तोंड लावले नाही. घरच्यांना वाटले, पोट भरले असेल. सकाळी ससा गेला होता. प्रत्येकाचे थोडे होते. सगळ्यांचे मिळून पुष्कळ झाले. आणि कोणी काय दिले, हे दुसऱ्याला ठाऊक नव्हते.

म्हणून घरातल्या एकाच माणसाने सशाचे खाणे बघावे. आणि खुराड्याजवळ एक पाटी टांगावी. तिच्यावर रोज दोन ओळी लिहाव्या. अशा:

सोमवार. सकाळी कोथिंबीर, मुळ्याचा पाला. लेंड्या चांगल्या.
मंगळवार. सकाळी मेथी, नवी, दोन पाने. लेंड्या चांगल्या.

दोन ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो? लिहिण्याचा सराव होतो. ससाही वाचतो. आणि आजारी पडलाच, तर डॉक्टरांना दाखवायला लेखी हिशेब हाती राहतो.

ससा आजारी पडला तर

ससा ओरडत नाही, कण्हत नाही. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून आपणच बघायचे. सकाळी घातलेला चारा संध्याकाळी तसाच आहे? लेंड्या पडल्या नाहीत, की अगदी बारीक पडल्या? ससा अंग आखडून बसला आहे? दात करकर वाजवतो आहे? पोट घट्ट लागते आहे? यातले एक जरी दिसले, तरी "उद्या बघू" म्हणू नका. सशाचे पोट बंद पडले तर उद्या उगवेलच असे नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जाताना पाटीवरचे लिहिलेले सांगा आणि सोबत लेंड्या न्या.

घरातल्या माणसांच्या गोळ्या सशाला देऊ नका. माणसाला उतार देणारी काही जंतुनाशक औषधे सशाच्या पोटातले विरजणच मारून टाकतात आणि ससा दगावतो. पोट फुगले असेल तर बळेच काही भरवूही नका.

एवढे ध्यानात ठेवा

वाळले गवत आणि स्वच्छ पाणी नेहमी पुढे असावे.
हिरवा पाला ताजा, निवडलेला, धुतलेला आणि बेताचा असावा.
नवे पान एका वेळी एकच, आणि थोडे.
नाव ठाऊक नसेल ते पान देऊ नये.
कांदा, लसूण, भाकरी, पोळी, गोडधोड देऊ नये.
फवारलेली भाजी देऊ नये.
लेंड्या रोज बघाव्या आणि पाटीवर लिहावे.
खाणे सोडले की त्याच दिवशी डॉक्टर.

मंडळी, मुले आपल्याकडे बघून शिकतात. मुक्या जिवाला विचारपूर्वक खाऊ घालणारा बाप आणि दोन ओळी लिहून ठेवणारी आई ज्या घरात आहे, त्या घरातले मूल पुढे जनावरही नीट सांभाळील आणि माणूसही. तुमच्या घरी ससा असेल तर आज घरी गेल्यावर त्याच्या खुराड्यात एकवार डोकावून बघा. पुढे वाळले गवत आहे का? पाणी आहे का? नसेल तर आधी ते ठेवा आणि मग आपल्या जेवणाला बसा.

रामराम.